पणजीचं नाव काय? पूर्वजांचा माग काढण्यासाठी गावच्या दप्तरापासून पेशवे दफ्तरापर्यंत

पणजोबांचं नाव बहुतेकांना सांगता येतं. पणजीचं विचारलं की अडायला होतं. त्याच्याही मागे गेलं तर "आमचं मूळ गाव अमुक, दुष्काळात इकडे आलो" एवढंच हाती उरतं. हा दुष्काळ कोणत्या सालचा, आलं कोण आणि मागे राहिलं कोण, हे शोधता येतं. महाराष्ट्रात त्याचे कागद पुष्कळ ठिकाणी अजून शाबूत आहेत. पण ते एका जागी नाहीत आणि वंशावळ म्हणून कुणी लावून ठेवलेले नाहीत. जमीन मोजायला, सारा वसूल करायला, मृत्यूची गणती ठेवायला आणि शाळेत नाव घालायला ते तयार झाले, माणसं त्यांत ओघाने आली. म्हणून कोणता कागद कशासाठी लिहिला गेला हे समजलं की त्यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही, याचा अंदाज येतो.

एक वेळखाऊ वाट सुरुवातीलाच टाळा. परदेशातले मार्गदर्शक वाचून अनेक जण आधी जनगणना शोधू लागतात. आपल्याकडे १८८१ पासूनच्या जनगणनांचे आकडे छापलेले आहेत, पण घरोघरच्या नावांच्या याद्या पाहायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यानेही ती माहिती गोपनीय ठेवली आहे. आपल्या शोधाचा कणा म्हणजे गावचं दप्तर.

आधी घर, मग कचेरी

घरातल्या सर्वांत वयस्कर बाईपासून सुरुवात करा. पुरुष बहुधा वंश सांगतात, बाया नाती सांगतात, आणि शोध पुढे सरकतो तो नात्यांवर. "आपले पूर्वज कोण?" असा प्रश्न विचारला तर दोन वाक्यांत उत्तर संपतं. त्याऐवजी आत्याला विचारा: तुझ्या लग्नात मामा कुठून आला होता? आजीचं माहेर कोणतं? तिचं माहेरचं नाव काय होतं? बाळंतपणाला कोण कुठे जायचं? कोणत्या भावकीशी बोलणं बंद होतं आणि का? परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि फाइलला सांगणाऱ्याचं नाव व तारीख द्या.

माहेरचं नाव स्वतंत्रपणे विचारायलाच हवं. लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलण्याची चाल असल्यामुळे माहेरच्या कागदात ती चंद्रभागा असते आणि सासरच्या कागदात लक्ष्मीबाई. हे आजच विचारलं नाही, तर पुढे कोणताही कागद त्या दोघींची गाठ घालून देणार नाही.

मग वस्तू पाहा. जन्मपत्रिकेत शक, तिथी आणि पुष्कळदा आजोबांचंही नाव असतं. लग्नपत्रिकेत निमंत्रकांची अख्खी फळी मिळते. माळ्यावरच्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर देणाऱ्याचं किंवा नवरीचं नाव, कधी तारीखही कोरलेली असते, ती वाचा. कुलदैवत आणि देवक लिहून घ्या. जेजुरी किंवा तुळजापूर यांवरून फारसं कळत नाही. पण कुलदैवत एखाद्या दूरच्या, आडबाजूच्या गावातलं असेल, तर कुटुंब कुठून आलं याचा तो पहिला धागा धरा.

आणखी एक खजिना बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: चुलतभावांपैकी कुणीतरी केलेली जात पडताळणीची फाइल. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे त्या माणसाने शाळा आणि तहसील पालथी घातलेली असतात, आणि फाइलमध्ये वंशावळीचं प्रतिज्ञापत्रही असतं. ती आधी मागा. निम्मी धावपळ वाचेल.

सातबाऱ्यावरून मागे

कुटुंबाची कुठे गुंठाभर जमीन असेल, किंवा पूर्वी होती असं नुसतं ऐकलं असेल, तरी हा टप्पा नीट करा. माझ्या मते एवढा भरवशाचा दुसरा मार्ग आपल्याकडे नाही.

आजचा सातबारा ऑनलाइन मिळतो, पण त्यात आजचीच नावं असतात. आपल्याला हवेत जुने, हातांनी लिहिलेले उतारे. त्यांत नाव कमी झालं की त्याला कंस केलेला दिसतो आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. सातबाऱ्यावर फक्त नाव बदलतं. ते का बदललं हे फेरफारात, म्हणजे तलाठ्याच्या 'गाव नमुना ६' या नोंदवहीत, लिहिलेलं असतं. वारसांची वेगळी नोंदवही ६-क या नमुन्यात असते. जुने फेरफार आणि सातबारे महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांसाठी स्कॅन केलेले आहेत. तिथे नसतील तर तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करा. अर्जात "आमच्या पूर्वजांची माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. गाव, गट नंबर किंवा जुना सर्व्हे नंबर, नमुना आणि फेरफार क्रमांक लिहा. गट नंबर जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतरचा असतो, म्हणून त्याचा जुना सर्व्हे नंबर आधी काढून घ्यावा लागतो.

फेरफार वाचायचा कसा, हे एका बनवलेल्या नमुन्यावरून पाहू: "खातेदार रामा बिन सखाराम हे ता. १२-३-१९५८ रोजी मयत. वारस मुलगे १) दत्तू २) ज्ञानू अज्ञान, अ.पा.क. आई सोनाबाई, मुली ३) गंगूबाई भ्रतार किसन, रा. शेजारचं गाव." इथे 'बिन' म्हणजे मुलगा, त्यामुळे सखाराम ही एक पिढी आयती वर मिळाली. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अर्थात अल्पवयीन मुलाचा पालक. ज्ञानू तेव्हा अठराच्या आत होता, म्हणजे त्याचा जन्म मार्च १९४० नंतरचा. सोनाबाई विधवा झाली तेव्हा तिच्या पदरी निदान एक अज्ञान मूल होतं. 'भ्रतार' म्हणजे नवरा; गंगूबाई लग्न होऊन गेलेली आणि तिचं सासर कोणतं तेही कळलं. तीन ओळींत तीन पिढ्या आणि दोन बाया. जुन्या कागदांत 'वलद' म्हणजेही मुलगाच आणि 'कोम' म्हणजे बायको. 'ए.कु.मॅ.' दिसलं तर एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या एका नावामागे सगळे भाऊ असू शकतात, म्हणून तो एकुलता होता असं धरून चालू नका.

मृत्यूची तारीख आणि फेरफार नोंदीची तारीख यांत गल्लत करू नका. वारस लावायला लोक वर्षानुवर्षं जात नसत. कर्ज काढायचं झालं किंवा वाटणीचा वाद पेटला, की मग दोन पिढ्यांचे मृत्यू एकाच दिवशी नोंदले जात.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा इथे फार उपयोगी पडतो. त्याच्या आधीच्या वारस नोंदींत मुली जवळपास दिसत नाहीत. नंतरच्या नोंदींत त्या सासरच्या नावासह दिसू लागतात. पुढे बहिणींनी भावांना करून दिलेली हक्कसोडपत्रं सापडतात. त्या बहिणींच्या हाती काय राहिलं हा वेगळा, वाईट वाटणारा विषय आहे. पण शोधणाऱ्यासाठी त्या कागदात प्रत्येक बहिणीचं नाव, वय, नवरा आणि गाव असतं, आणि खाली अंगठा. नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकाकडच्या सूची २ वरून शोधता येतात.

सातबाऱ्याच्या आधी पश्चिम महाराष्ट्रात कडईपत्रक होतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला. मोजणीचे कागद त्याहून जुने, कारण ब्रिटिशांची रयतवारी मोजणी इंदापूर तालुक्यापासून १८३०-४० च्या दशकात पसरत गेली. भूमी अभिलेख कार्यालयात टिपण, फाळणी, शेतवार पत्रक अशा नावांनी विचारा. फाळणीच्या नकाशावर भावाभावांत शेत कसं कापलं गेलं ते डोळ्यांना दिसतं. शहरात किंवा मोठ्या गावठाणात घर असेल तर प्रॉपर्टी कार्डाबरोबर चौकशी नोंदवहीचाही उतारा मागा. घर कुणाकडून आलं याची हकिगत त्यात असते.

प्रदेश बदलला की कागद बदलतात. मराठवाडा निजामाकडे होता. तिथले जुने कागद उर्दूत आणि फसली या सारावसुलीच्या सनात असतात, आणि खासरा पत्रक हा तिथला महत्त्वाचा दुवा. विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख पाहा; नागपूरकडे मालगुजारी होती, कोकणात खोती, म्हणजे सारा मधल्या जमीनदारामार्फत वसूल होई, त्यामुळे जमीन कसणाऱ्याचं नाव मालकाच्या नावाखाली दबलेलं असतं. तिथे कुळांच्या नोंदी बघा. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा, कसणाऱ्या कुळाला मालक ठरवणारा कृषक दिन यांमुळे आधी कुठेच न दिसणारे कसणारे लोक कागदावर आले.

जमीन नव्हती त्यांचं काय? वतन रजिस्टर पाहा. वतन म्हणजे गावकामाच्या बदल्यात पिढीजात मिळालेला हक्क. महार, रामोशी यांच्या कनिष्ठ गाववतनांच्या नोंदींत वाटेकऱ्यांची नावं येतात, आणि १९५८ च्या कायद्याने ही वतनं रद्द होताना जमिनी परत देण्याची प्रकरणं झाली, त्यांचेही कागद आहेत. ज्यांना गावाने कडेला ठेवलं, त्यांच्या अनेक पिढ्यांचा लेखी पुरावा बऱ्याचदा याच नोंदींत सापडतो.

कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याआधी गावातले जन्म आणि मृत्यू गाव नमुना १४ मध्ये लिहीत. लोक त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत यातली पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय चढली आहेत. तुमचं कुटुंब कोणत्याही जातीचं असो, आपलं गाव त्यात आहे का ते पाहा, कारण एका पानावर सगळ्या गावाच्या नोंदी असतात.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. म्हणून एका बापाच्या सगळ्या नोंदी सालवार काढा आणि मग भावंडांचा क्रम जुळवा. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण मिळतं. १८९६ नंतरची काही वर्षं प्लेगची आणि १९१८ चा पावसाळा संपतानाचे महिने इन्फ्लुएंझाचे. एकाच घरातले दोन-तीन मृत्यू आठवड्याभरात दिसले तर ती लिहिणाऱ्याची चूक समजू नका. त्या घरावर खरंच तसं कोसळलेलं असू शकतं. उरलेलं मूल मामाकडे वाढलं का, म्हणून पुढे ते वेगळ्या गावच्या शाळेत दिसतं का, हे त्यानंतर तपासायचं.

शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांना भेटून, अर्ज देऊन पाहता येतं. त्यातली जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली आहे. तिच्यावर काहीही उभारू नका. प्रवेशाची तारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण हे रकाने जास्त बोलतात.

भिक्षुकांच्या वह्या, हेळव्यांचं पाठांतर

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. यात्रेला गेलेल्याने स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, भावांचं नाव आणि गाव स्वहस्ते किंवा लिहवून ठेवलेलं असतं. तुमचे उपाध्ये कोण हे गाव, जात आणि आडनाव यांवरून तिथेच विचारत गेलं की कळतं. जाण्याआधी हातात निदान तीन पिढ्यांची नावं ठेवा, म्हणजे तुमची शाखा ओळखता येईल. परवानगी मिळाली तर मूळ पानाचा फोटो घ्या, नुसती नक्कल उतरवू नका. अक्षर, शाई आणि शेजारची नोंद यांवरून काळ ठरवता येतो. उत्तर भारतातल्या वह्यांत विक्रम संवत असतं, त्यातून ५७ वजा करा. हरिद्वारसह काही ठिकाणच्या वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत, पण त्या पान-पान चाळाव्या लागतात.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात हेळवी येतात. घराण्यांची वंशावळ सांगणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. आपल्या गावाला कोणते हेळवी येतात ते सुगीच्या सुमारास विचारून ठेवा आणि त्यांचं सांगणं रेकॉर्ड करा. त्यांची बिदागी मानाने द्या; ती विद्या त्यांची आहे.

ख्रिस्ती घराण्यांसाठी वसई, गोवा इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी, मुस्लिम घराण्यांसाठी काझींकडच्या निकाहाच्या वह्या हे तितकेच महत्त्वाचे दुवे आहेत.

मोडी आणि सन

विसाव्या शतकाच्या मध्याआधीचा कागद हातात आला की मोडी येणारच. घाबरू नका. आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरं टांगलेली असतात, शब्दांत जागा नसते, विरामचिन्हं नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. अख्खा कागद वाचायचा हट्ट सोडा. आधी आपल्या गावाचं नाव, आडनाव, 'बिन', 'मौजे', 'तर्फ' हे शब्द मोडीत कसे दिसतात ते घोटा आणि पानावर तेच शोधा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. महत्त्वाच्या कागदासाठी मात्र जाणकार वाचकाला मोबदला देऊन लिप्यंतर करून घ्यावं.

सनांचा घोळ मोडीपेक्षा जास्त फसवतो. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षाच्या शेवटी शेवटी ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. ७८ मिळवले तर १७६० येतं. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. पौष ते फाल्गुन दिसला की थांबून पाहा. पेशवाईतल्या कागदांत अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन असतो: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७६०-६१. फसलीत ५९० मिळवा. निजामी राज्यात ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. टिपताना मूळ सन जसाच्या तसा लिहा आणि रूपांतर शेजारी लिहा.

पुराभिलेखागार

इथे येण्याची घाई नको. आधीची सलग साखळी, गाव आणि परगणा माहीत नसेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल नुसते बघत राहाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. पुण्याशिवाय मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय पुराभिलेखागारं आहेत. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज देऊन परवानगी घ्यावी लागते. घराणं वतनदार असेल तर निवाडे, महजर (पंचांसमोर झालेले निर्णयपत्र), कैफियती (पक्षकारांनी मांडलेल्या हकिगती) मागा. पाटीलकीच्या भांडणात दोन्ही बाजूंनी आपापली वंशावळ मांडलेली असते, आणि भांडणामुळेच माणसं बोलतात: कोण परागंदा झालं, कुणी दुष्काळात वतन विकलं, कुणी परत येऊन मागितलं. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासले, त्या कागदांतही वंशावळी आहेत. वतनदार नसाल तर गावझाडा आणि लावणीपत्रक हे गावच्या जमीन-साऱ्याचे हिशेब पाहा. त्यांत माणसाचं नुसतं नाव आणि त्याचा धारा मिळेल, आडनाव बहुधा मिळणार नाही.

गाव सोडून गेलेले

काही गावांत दगडात बसवलेली पाटी असते: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, इतके मेले. नावं नसतात. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. शिपायाच्या नावापुढे अनेकदा बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. मराठा पलटणींतले कितीतरी जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडले; त्यांची नावं या संकेतस्थळावर बसरा स्मारकाच्या नोंदीत शोधा. गावाचं इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून पाहा.

एखादी शाखा एकोणिसाव्या शतकात अचानक नाहीशी होत असेल, विशेषतः कोकणातली, तर मॉरिशसही तपासा. तिथे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी आहेत. आणि मूळ गावच नकाशावर सापडत नसेल तर ते कोयना, उजनी किंवा जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं का ते बघा. पुनर्वसनाच्या याद्यांत घरटी नावं असतात.

जोडताना

सर्वांत मोठी चूक नावांच्या पुनरावृत्तीत होते. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे 'विठू बिन राघू' एकाच गावात साठ वर्षांच्या अंतराने दोनदा येतो, आणि मध्ये 'राघू बिन विठू' असतो. दोन कागदांतला माणूस एकच आहे असं म्हणायला नावाखेरीज आणखी एक खूण हवी: तोच सर्व्हे नंबर, तीच बायको, तेच भाऊ. पिढीला साधारण पंचवीस ते तीस वर्षं धरा. चाळीस वर्षांत तीन पिढ्या बसवाव्या लागत असतील तर कुठेतरी दोन माणसं एक झाली आहेत किंवा दत्तक आहे. दत्तकात बापाचं नाव बदलतं, म्हणून दोन्ही घरं लिहा. एखाद्या प्रसिद्ध घराण्याशी आडनाव जुळलं म्हणून साखळी तिकडे वळवू नका. आपल्या माणसांना आपल्याच नावाने राहू द्या.

प्रत्येक नावापुढे कागद, क्रमांक, कुठे पाहिला आणि कधी, हे लिहा. ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच नोंदवा, सांगणाऱ्याच्या नावासह. नको वाटणाऱ्या गोष्टीही निघतील: दुसरी बायको, टाकलेली बायको, फसवून घेतलेली जमीन. हयात माणसांना दुखावणारं काही असेल तर ते छापू नका, पण टिपणातून खोडूही नका.

मग एका व्यक्तीचं एक पान करा. पहिलं पान सोनाबाईसारख्या कुणाचं असू द्या: माहेर, लग्नाचा अंदाजे काळ, कोतवाल बुकातल्या तिच्या मुलांच्या नोंदी, त्यांतली किती जगली, विधवा झाल्यावर अज्ञान मुलाच्या वतीने तिचं नाव कुठे लागलं, सातबाऱ्यावर ते किती वर्षं टिकलं, कुणी कमी केलं. जिथे कागद नाही तिथे रिकामी जागा सोडा आणि पुढे कोणता कागद पाहायचा राहिला आहे ते तिथेच लिहा. पानाची एक प्रत भावकीत द्या, एक तिच्या माहेरच्या घराला. तिचं लहानपणीचं नाव सांगणारा कागद असलाच तर तो त्यांच्याकडे असेल.